दाराजवळची खुर्ची

सोमवार, ४ सप्टेंबर

आज रुजू झाले. उशीर नको म्हणून फार लवकर निघाले, आणि फार लवकर पोचलेलं दिसू नये म्हणून सायकल हातात धरून कालव्याकाठी येरझारा घालत राहिले. वरच्या खिडकीतून एक बाई बघत होत्या. त्या आंक. संस्थेचं ऑफिस त्याच सांभाळतात. दार उघडून म्हणाल्या, "फिरून झालं असेल तर वर ये."

संस्थेचे दोन विभाग. खालच्या मजल्यावर लोकरीती, म्हणजे देशातले लोक काय काय करतात. वरच्या मजल्यावर बोली, म्हणजे ते करताना लोक काय म्हणतात. दोन्ही मजल्यांचं आपसात फारसं बोलणं नाही, पण साडेदहाला सगळे कॉफीला एकत्र बसतात. खुर्च्या गोल मांडलेल्या. मी एका रिकाम्या खुर्चीकडे वळले, तर आंक म्हणाल्या, "ती नाही. तू दाराजवळ. तिथंच बसतात." कोण बसतात ते विचारायचं राहिलं. मला कान तुटलेला कप मिळाला. बिस्किटांचा डबा फिरला, प्रत्येकाने एकेक उचललं आणि आंकनी झाकण लावलं. झाकणाचा आवाज थेट आमच्या घरच्या डब्यासारखा. जरा धीर आला.

इथे संचालकांनाही नावानेच हाक मारतात. बाउडवेन. माझ्याने ते झालं नाही. त्यांचं लक्ष वेधायला दिवसभर खोकत राहिले. संध्याकाळी त्यांनी मला खोकल्याच्या गोळ्या दिल्या.

नेमणूक एक वर्षाची आहे, पुढच्या ऑगस्टअखेरपर्यंत. पुढे कायम करतात का, असं विचारल्यावर बाउडवेन फार प्रेमाने म्हणाले, "पाहू या." घरी फोन केला तेव्हा मी "पाहू या" असंच सांगितलं. बाबांनी तोवर गावात "पक्की झाली" म्हणून सांगून टाकलं होतं. आमच्या घरात शिकून गोठ्याबाहेर पडलेली मी पहिलीच. तेव्हा हे "पाहू या" पक्कं व्हायलाच हवं. नाहीतर बाबांना गावात खोटं पाडल्यासारखं होईल.

गुरुवार, ७ सप्टेंबर

सगळीकडे असतं तसं इथल्याही संडासात वाढदिवसांचं कॅलेंडर टांगलेलं आहे. जानेवारीत माझं नाव लिहिलेलं दिसलं आणि डोळे भरून आले. तीन दिवसांत त्यांनी मला आपलं मानलं. बाकीची नावं शाईने लिहिली आहेत, माझं पेन्सिलने. आणखीही काही महिन्यांत कागद खोडून खोडून खरखरीत झालाय. आंकना सहज विचारलं. म्हणाल्या, "पेन सापडलं नाही."

खोटं कशाला बोलतील?

शुक्रवार, २२ सप्टेंबर

बोली विभागाचे प्रमुख वीब्रन. पावाच्या टोकाच्या कापाला कुठल्या गावात काय म्हणतात याचा नकाशा ते माझ्या जन्माच्याही आधीपासून करताहेत. नकाशा पुरा होत आला की कुठेतरी एखादी म्हातारी जाते आणि तिच्या गावचा ठिपका बदलावा लागतो. आज कॉफीच्या वेळी ते माझ्याकडे वळले.

"तू ड्रेंटेची ना, तिकडच्या गाईगुरांच्या मुलखातली? बोल."

"काय बोलू?"

"काहीही. घरी बोलतेस तसं."

मला फार संकोच वाटला. घरी आई माझ्याशी शाळेची भाषाच बोलायची. तिला ती नीट यायची नाही, तरी बोलायची. आपल्या बोलीने पोरगी मागे राहील अशी तिला धास्ती होती. बोलीत मी बोलले ती फक्त गाईंशी. हे सांगितल्यावर वीब्रन खुर्चीत पुढे सरकले.

"फक्त गाईंशी? आणि वळूशी?"

"वळू नाही आमच्याकडे. पशुवैद्य येतात."

"पशुवैद्यांशी कुठली?"

"शाळेची."

त्यांनी ते टिपून घेतलं. दुपारी त्यांच्या खोलीत मायक्रोफोनला गाईचा फोटो अडकवलेला होता. मी खाली मान घालून म्हटलं, "सरक गं बाई, सोड आता पान्हा." वीब्रनना इतका आनंद झाला की ते जिन्यापर्यंत पोचवायला आले. माझा इथे उपयोग आहे हे बघून बरं वाटलं.

मंगळवार, १० ऑक्टोबर

वाईट बातमी. मंत्रालयाला वाटतं की देशात अशा संस्था फार झाल्या. वसंतापर्यंत आम्ही निदान एक तरी अशी रीत दाखवायची, जी जिवंत आहे, एका पिढीकडून दुसरीकडे तोंडी आलेली आहे, आणि धोक्यातही आहे. पूर्वी कुणी नोंदलेली नको. दाखवली तर संस्था राहील. नाहीतर आमचं सामान एका विद्यापीठाच्या तळघरात जाईल आणि माणसं जिकडे जातील तिकडे.

बाउडवेन म्हणाले, "रूलफिन, तू तरुण आहेस. तू गावोगाव जा."

वीब्रन म्हणाले, "आणि जाशीलच तर पावाच्या टोकाचंही विचार."

रीत सापडली तर मला कायम करतील, असं कुणी म्हटलं नाही. पण नाही सापडली तर करायला संस्थाच उरणार नाही, हे मलाही कळतं.

शनिवार, ११ नोव्हेंबर

महिनाभर फिरले. कुठे जत्रेला पेढीची जाहिरात, कुठे पोशाख मागच्या वर्षी शिवलेले. शेवटी पूर्वेकडच्या एका गावात जळतं चाक टेकडीवरून सोडतात असं कळलं, तिथे आज गेले. चाक ताजं रंगवलेलं होतं. ज्यांच्या अंगणात ते ठेवलं होतं त्या काकांना विचारलं, "हे किती जुनं?"

"माझ्या आजोबांपासूनचं."

मी घाईने वही उघडली. "आजोबांनी कुणाकडून घेतलं?"

"तुमच्याकडून." काकांनी मला कॉफी ओतली. "तुमच्या संस्थेतले एक साहेब आले होते. पावसात भिजून, लांबून. त्यांनी विचारलं, तुमच्याकडे चाक जाळून सोडतात का. आता एवढ्या लांबून आलेल्या माणसाला नाही कसं म्हणायचं? आजोबा म्हणाले, सोडतो की. साहेब म्हणाले, मग पुढच्या वर्षी बघायला येतो. झालं. आली का आफत?"

"पण मग बंद का नाही केलंत?"

"दरवर्षी तुमचं कुणी ना कुणी येतंच. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून आम्ही सोडतो. एकदा माझं खळं जळलं त्यात."

परतीच्या गाडीत विचार केला, की हे सांगावं का. सांगितलं. बाउडवेननी बराच वेळ डोळे मिटून घेतले. मग म्हणाले, "तुझा प्रामाणिकपणा मोठा गुण आहे, रूलफिन." बोलताना मात्र त्यांना दाढदुखी असल्यासारखं वाटलं.

बुधवार, १७ जानेवारी

माझा वाढदिवस. खाऊ आपण न्यायचा असतो, म्हणून आईने गावाहून मनुकांचा पाव पाठवला होता, उशीएवढा. सगळ्यांनी रीतीप्रमाणे माझ्या वाढदिवसाबद्दल एकमेकांचं अभिनंदन केलं. पाव बघून वीब्रन म्हणाले, "अरे बापरे, लग्न आहे का कुणाचं?" मी आमच्याकडे कापतात तसे जाड काप करायला लागले, तर आंकनी सुरी काढून घेतली आणि पलीकडचा कालवा दिसेल इतके पातळ केले. वीब्रननी टोकाचा काप मागून घेतला, खाल्ला नाही, मोजून ठेवला. पाऊण पाव परत आला. तो मीच आठवडाभर खाणार.

आईचा फोन आला. "संपला का गं सगळा?"

"हो, संपेल."

हे खोटं नाही. पण खरंही नाही. आज हे लिहून ठेवते म्हणजे मनावर राहणार नाही.

सोमवार, २२ जानेवारी

आज माझ्या हातून काय झालं ते अजून कळत नाही.

सकाळी बैठक होती. वसंत तोंडावर आला, हातात एकही रीत नाही. वीब्रन म्हणाले, दोष लोकरीती विभागाचा, माणसं रीती सोडतात पण शब्द सोडत नाहीत. बाउडवेन म्हणाले, शब्दांनी मंत्रालयाची समिती जेवत नाही. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण फिरले मी होते. मी म्हणाले, "मी खरंच सगळीकडे बघितलं. पण आपल्या इथल्या कॉफीइतकं जिवंत मला कुठंच काही दिसलं नाही."

मी माफी मागण्याच्या भरात बोलून गेले. कुणी काही बोलेना, म्हणून भीतीने आणखी बोलत राहिले. की इथे साडेदहाला कुणी बोलावत नाही तरी सगळे येतात. की कोण कुठे बसायचं ते कुठे लिहिलेलं नाही तरी चुकत नाही. की डबा उजवीकडूनच फिरतो. की वीब्रन रोज थोडे उशिरा येतात आणि रोज "चुकलो का मी?" असंच विचारतात, आणि आंक रोज "नेहमीसारखेच" म्हणतात. की हे मला कुणी शिकवलं नाही, मी भीतीपोटी बघून बघून शिकले.

बाउडवेन उठून खिडकीशी गेले. "आंक, तुला हे कुणी शिकवलं?"

"माझ्या आधीच्या बाईंनी. बोलल्या नाहीत, नुसतं बघायच्या माझ्याकडे."

"म्हणजे तोंडीसुद्धा नाही, डोळ्यांनी," बाउडवेन म्हणाले. "आणि धोका?"

वीब्रन म्हणाले, "धोका कोण, मंत्रालयच की."

दोन्ही मजले एकमेकांकडे बघून हसले. असं मी इथे पहिल्यांदाच पाहिलं.

गुरुवार, ८ फेब्रुवारी

कॉफीचा अभ्यास माझ्याकडे दिलाय. मी बाहेरची आहे म्हणून. बाउडवेन म्हणाले, "तुला अजून दिसतं. आम्हाला ते दिसायचं केव्हाच बंद झालं."

पण बघायला लागल्यापासून सगळं अवघड झालंय. वीब्रन जिन्यात थांबून हळूच विचारतात, "पुरेसा उशीर झाला का?" कोपऱ्यातलं कॉफीचं यंत्र हे उपरं आहे असं ठरून ते तळघरात गेलं आणि जुनी किटली वर आली. तिची कॉफी गंजासारखी लागते. सगळे पितात. बोली विभागाने खुर्च्यांचा नकाशा केलाय. कॉफी ओतताना खिडकीकडचे "अजून जरा" म्हणतात आणि भिंतीकडचे "पुरे", त्यांच्या मधून एक रेघ जाते. ती रेघ नेमकी बाउडवेनच्या मांडीवरून जाते. म्हणून आता ते काहीच बोलत नाहीत, नुसता कप पुढे करतात.

घरी सांगितलं. बाबा म्हणाले, "म्हणजे आता तुम्ही कॉफी पिताना बघायला सरकार माणूस पाठवणार?"

"समिती, बाबा."

"वाईट नाही," बाबा म्हणाले. आमच्या गावात याहून मोठी शाबासकी नाही.

शुक्रवार, १६ फेब्रुवारी

आज आंकची मुलाखत घेतली. त्या डबा मांडीवर घेऊन बसल्या. रेकॉर्डर सुरू आहे ना, हे आधी विचारलं.

"माझ्या खुर्चीबद्दल सांगा ना," मी म्हटलं. "दाराजवळच्या."

"ती नव्या मुलीची. दरवर्षी सप्टेंबरात नवी येते. तोच कान तुटलेला कप. नाताळपर्यंत घाबरते. वसंतात सगळ्यांची नावं पाठ होतात, मग जरा जोरात हसायला लागते. ऑगस्टच्या शेवटच्या दिवशी केक आणते, रडते, जाते. मग मी कप धुते."

"सगळ्या जातात?"

"चांगल्या मुली असतात."

"पण एखादी राहिली असेल की."

आंकनी डब्याचं झाकण उघडून परत लावलं. "नाही गं. कुठे बसणार?"

मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तू वेगळी आहेस हं पण." आवाज खराच वाटला.

रविवार, १८ फेब्रुवारी

घरी आलेय. आईला सगळं सांगितलं, की आंकचं हे बोलणं अहवालात घालावं की नको, ते कळत नाही.

आई दुधाच्या बादल्या धूत होती. "नको घालूस की. कोण विचारतंय?"

"पण ते खरं आहे."

"खरं आहे म्हणून काय झालं? आपला गोठा खालच्या अंगाला गळतो हे पण खरं आहे. तपासनीस आला की मी त्याला वरच्या अंगाने नेते."

"ते वेगळं, आई."

"काय वेगळं? अगं, जी फांदी कापतेस तिच्यावरच बसलीयस तू."

मी दिवसभर विचार केला. हे माझ्याबद्दल आहे म्हणून गाळलं, तर ते स्वार्थापोटी गाळलं असं होईल. आणि अभ्यास करणाऱ्याने स्वतःच्या फायद्यासाठी एक खुर्ची लपवली, तर बाकीच्या नऊ खुर्च्यांवर तरी कुणी का विश्वास ठेवावा? शिवाय मी कायम होणं न होणं हे माझ्या कामावर ठरणार, माझ्या खुर्चीवर नाही. म्हणून घालणार आहे. संध्याकाळी गोठ्यात लाल गाईला सांगितलं. तिने मान हलवली, पण ती नेहमीच हलवते.

मंगळवार, २० फेब्रुवारी

बाउडवेननी अहवाल वाचला. दाराजवळच्या खुर्चीचं पान त्यांनी दोनदा वाचलं, माझ्यादेखत.

"रूलफिन," ते म्हणाले, "हा तर गाभा आहे. बाकी नुसती कॉफी. हे आलं म्हणून ती रीत झाली. येणं, शिकणं, जाणं. कापणीसारखं आहे हे."

आजवर कुणी माझं काही दोनदा वाचलेलं नाही. आईला फोन करून सांगितलं, की बघ, खरं लिहिल्याचा फायदाच झाला. आई म्हणाली, "बरं."

गुरुवार, ११ एप्रिल

समिती येऊन गेली. अध्यक्षा श्रीमती कल्फ उंच, मवाळ, पायात चांगले बूट. त्यांनी आल्या आल्या वीब्रनची खुर्ची धरली.

वीब्रन पुरेशा उशिरा आले आणि त्या खुर्चीपुढे कप घेऊन उभे राहिले. आंक किटली धरून उभ्या राहिल्या, ओतेनात. बाउडवेन छताकडे बघत होते. श्रीमती कल्फनी एकेकाचा चेहरा पाहिला, हळूहळू लाल झाल्या आणि उठून भिंतीशी उभ्या राहिल्या. वीब्रन बसले.

"चुकलो का मी?"

"नेहमीसारखेच," आंक म्हणाल्या, आणि कॉफी ओतली.

डबा फिरला. समितीतल्या एका गृहस्थांनी दुसऱ्या बिस्किटासाठी हात पुढे केला. आंकनी झाकण लावलं. बोटं थोडक्यात वाचली. मला वाटलं, संपलं सगळं. पण श्रीमती कल्फ कोटाच्या बाहीने डोळे टिपत होत्या. "इतकी निर्भेळ रीत मी कधी बघितली नव्हती," त्या म्हणाल्या. जाताना माझ्यापाशी थांबल्या, माझ्या तुटक्या कपावरून बोट फिरवलं आणि विचारलं, "आणि या आपल्या यंदाच्या का?"

मी म्हटलं, हो.

सोमवार, ३ जून

मंजुरी आली. संस्था राहिली. रीत यादीत गेली, आणि जपण्यासाठी दरसाल निधी मिळणार. बाउडवेन पत्र वाचताना "आणि त्यासाठी एक कायमची जागा" हे शब्द आले, तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. वीब्रननी डोळा मारला असावा. त्यांचा डोळा तसाही फडफडतो.

घरी लगेच कळवलं नाही. बाउडवेननी बुधवारी बोलावलंय, तेव्हा हातात काही आल्यावरच सांगेन.

ही एवढी ओळ लिहिली आणि मग राहवेना, म्हणून कळवलं. बाबा कुणाला तरी मागे वळून ओरडून सांगताना ऐकू आले.

बुधवार, ५ जून

बाउडवेननी दार लावून घेतलं. मला दाराजवळची खुर्ची दिली. त्यांच्या खोलीतही एक आहे.

"तुझं काम इतकं चांगलं झालंय, रूलफिन, की आता त्याला हात लावता येत नाही."

मी आभार मानले.

"जागा कायमची झाली आहे."

"म्हणजे मी..."

"जागा. दरवर्षी नव्या मुलीसाठी. कायमची." त्यांना बोलणं जड जात होतं, ते मला दिसत होतं. "तू राहिलीस तर पुढच्या वर्षी दाराजवळ कोण बसणार?"

"मी दुसऱ्या खुर्चीवर बसेन."

"दुसऱ्या सगळ्या कुणाच्या ना कुणाच्या आहेत."

"एक जास्तीची मांडता येईल."

"अहवालात दहा आहेत. तूच मोजल्यास." ते मला दुखावण्यासाठी बोलत नव्हते. "तुला ठेवलं तर रीत बनावट होईल. मंत्रालय निधी परत घेईल. आपण सगळे जाऊ. तूच सांग, तुझ्या अहवालाविरुद्ध मी कसा वागू?"

मी खूप विचार केला, पण मला त्यांच्या बोलण्यात चूक सापडली नाही. उलट मीच त्यांची समजूत घातली. त्यांना बरं वाटलेलं दिसलं.

शनिवार, ८ जून

बाबांना सांगायला गावी आले. ते कुंपण ठोकत होते.

"म्हणजे तुला काढलं."

"काढलं नाही, बाबा. जतन केलं."

"बरणीतल्या काकडीसारखं?"

त्यांनी आणखी एक खिळा ठोकला. मग म्हणाले, "गावात मी सांगेन. तू नको सांगूस. तू फार नीट सांगतेस." आणि हातोडीची मूठ अंगठ्याने पुसत राहिले. त्यांनी वर बघितलंच नाही. एवढं मला आजवर कशानेच लागलं नव्हतं.

शुक्रवार, ३० ऑगस्ट

शेवटचा दिवस. सकाळी संडासात गेले, तर जानेवारी खरखरीत झाला होता. पेन्सिल का ते आता कळलं. खोडताना त्यांना बरं पडतं.

केक मी आणला, कारण आणतात. मंत्रालयाचा माणूस कॅमेरा लावून बसला होता; हे दरसाल टिपून ठेवणार आहेत. आंकनी पातळ काप केले. बाउडवेन चार शब्द बोलले. मग सगळे गप्प झाले आणि माझ्याकडे बघत राहिले. किटली थंड होत होती. मला कळेना काय हवंय.

आंक डबा घेऊन वाकल्या आणि माझ्या कानाशी म्हणाल्या, "रड की गं. थांबलेत सगळे."

मी प्रयत्न केला. लाल गाय आठवली, बाबांची हातोडी आठवली. काहीच येईना. आलं नसताना आणायचं म्हणजे लबाडी झाली असती. आंकनी दिलेलं एक बिस्किट मी खाल्लं. मग डबा समोर उघडा होता, हात रिकामा होता, आणि मी आणखी एक घेतलं.

आंकच्या हातातलं झाकण तसंच हवेत राहिलं. बिस्किट चावल्याचा आवाज सगळ्या खोलीभर झाला. मी पूर्ण खाल्लं. चांगलं होतं, बदामाचं.

पहिल्यांदा वीब्रन बोलले. "तफावत," ते म्हणाले, अगदी हळू, देवळात बोलल्यासारखे.

"जिवंत रीतीत ती असतेच," बाउडवेन म्हणाले. "नसती तरच शंका यायची. लिहून घे, वीब्रन."

दोन्ही मजले एका कागदावर वाकले. मी कप आंककडे दिला आणि सायकल घेऊन निघाले. खिडकीत कुणी आलं नाही.

मंगळवार, १० सप्टेंबर

सध्या घरीच आहे. जिल्ह्याच्या शाळेत मुलाखत देऊन आले. तिथे खुर्च्या बऱ्याच आहेत.

आज दुपारी आंकचा फोन आला. माझी तब्येत विचारली, गाईंची विचारली. मग मुद्द्यावर आल्या. नवी मुलगी आली आहे, सीत्स्के, चांगली आहे, फार घाबरते. तिला पुढच्या ऑगस्टचं आत्तापासून दाखवून ठेवायचंय. माझ्या शेवटच्या दिवशी मंत्रालयाच्या माणसाचा कॅमेरा ऐनवेळी वीब्रनच्या पाठीमागे गेला होता.

"ते दुसरं बिस्किट," आंक म्हणाल्या, "तू कुठल्या हाताने घेतलंस?"

मी डोळे मिटून आठवलं. मला स्वच्छ आठवत होतं. डाव्या हातात कप होता, उजव्याने घेतलं.

"डाव्या," मी म्हटलं.

"नक्की? मग कप?"

"कप मांडीवर ठेवला होता. आणि घेण्याआधी एकदा उठून उभी राहिले होते."

आंकच्या पेनाचा आवाज ऐकू आला. शाईचा होता. "उभी," त्या लिहिता लिहिता म्हणाल्या. "बघ, हे कुणाच्या लक्षातच आलं नाही. बरं झालं तुला विचारलं. तू खोटं बोलणारी नाहीस."

आई दारात उभी होती. "कोण गं? परत बोलावतात का?"

"नाही. एक माहिती हवी होती त्यांना."

"दिलीस?"

"दिली."

आई माझ्याकडे बघत म्हणाली, "वाईट नाही."

आंकना पत्र लिहून दुरुस्ती कळवायला हवी. कळवीन. उद्या तर धार काढायची पाळी माझी आहे आणि परवा गवत कापायचंय. त्यानंतर पाहू या.